सांबार कंपाइल झालं

माझं काम कुणाला दिसत नाही. मी सर्व्हरसाठी प्रोग्राम लिहिते. म्हणजे तुम्ही मोबाइलवर बटण दाबलंत की मागच्या मागे जे काही घडतं, आणि नाही घडलं की तुम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडता, ते माझं. नातेवाइकांना हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. लग्नकार्यात कुणी अगदी खनपटीलाच बसलं तर सांगते, पंगतीत दिसतो तो वाढपी मी नव्हे, आत चुलीपाशी घाम गाळतो तो आचारी मी. यावर एका मावसबहिणीनं भाबडेपणानं विचारलं होतं, "अगंबाई, मग आयटीत केटरिंग करतेस का तू?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

आमची कंपनी म्हणजे कोथरूडच्या एका सोसायटीतले दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. खालच्या मजल्यावर बारावीचे क्लास, त्यामुळे जिन्यात कायम चपलांचा ढीग आणि त्यावरून उड्या मारत वर येणारे आम्ही दहाबारा जण. सगळ्यांत मोठा ग्राहक हडपसरचा एक केटरर. तिकडच्या आयटी कंपन्यांच्या कँटीनना तो दुपारचं जेवण पुरवतो. लोक आदल्या दिवशी मोबाइलवर जेवण निवडतात, आमचा सर्व्हर सगळ्याची बेरीज करून भाजीवाल्याला कच्च्या मालाची ऑर्डर पाठवतो, आणि सकाळी टेम्पो दारात हजर. शिवाय ऐन बाराच्या ठोक्याला जादाचे पदार्थ मागवायची सोय आहे. भजी, ताक, असलं काही. त्या वेळी सगळ्या कँटीनमधली सगळी भुकेली माणसं एकदम तुटून पडतात, आणि मी फार वर्षांपूर्वी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला आमचा सर्व्हर पर्वती चढल्यासारखा धापा टाकायला लागतो.

मागच्या उन्हाळ्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर माझ्याहून बरेच लहान आहेत आणि स्वभावानं अगदी गरीब. गरीब स्वभावाची माणसं नकोशी गोष्ट सांगायची वेळ आली की इंग्रजीत शिरतात.

"मॅडम, ॲक्च्युअली ना, कोड काय, आता एआयसुद्धा लिहितो. तुमचा एवढा एक्स्पीरियन्स आहे, तो क्लायंटसमोर जास्त व्हॅल्यू ॲड करेल."

"म्हणजे मी फोनवर बसू?"

"फोन असं नाही हो. क्लायंट रिलेशन्स."

"सर, मला घरातल्या माणसांशी रिलेशन्स ठेवताना दम लागतो."

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी कसला विनोद करतेय! मला कोड लिहायला आवडतं. पगारासाठी आवडतं, सवयीनं आवडतं असलं नाही, तर आवडतं म्हणजे आवडतं! सकाळी स्क्रीन रिकामी असते, संध्याकाळी तिथे काहीतरी चालायला लागलेलं असतं आणि ते आपण चालवलेलं असतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असा आनंद दुसरीकडे कुठे मिळतो ते मला तरी माहीत नाही. आणि तो काढून घेऊन हे मला दिवसभर "हो शेठ, बघते शेठ" करायला बसवणार!

मी सौदा केला. म्हटलं, तो धापा टाकणारा सर्व्हर मी नव्यानं लिहिते, नव्या भाषेत. सरांना तो सर्व्हर डोक्याला ताप होताच. ठरलं असं की, नवा सर्व्हर चालू झाल्यावर पहिला आठवडा हडपसरहून एकही तक्रार आली नाही, तर मी निवृत्त होईपर्यंत कोडच लिहायचा आणि मला कुणी हलवायचं नाही. एक जरी तक्रार आली, तर मी मुकाट फोन उचलायचा. बोलून मोकळी झाले आणि बाहेर येऊन कपाळावर हात मारला, कारण नवी भाषा कुठली हे मला कुठे माहीत होतं!

गेल्या काही वर्षांत आमच्या या मागच्या अंगणात जे काही चाललंय ना, ते बघून गरगरायला होतं. जी भाषा वेबसाइटवरची बटणं नाचवायला जन्मली ती आता थेट सर्व्हरवर येऊन मांडी ठोकून बसली आहे. जावा, जी पूर्वी चालायला लागली की जमीन हादरायची, ती हलकी होऊन टुणटुण उड्या मारतेय. पीएचपीचं तर विचारूच नका. दर वर्षी लोक तिचा दहावा घालतात आणि दर वर्षी ती नवी साडी नेसून दारात उभी. आणि फ्रेमवर्क! फ्रेमवर्क म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणारी तीच ती कामं आधीच करून ठेवलेली तयार चौकट. आपण त्यात आपलं घालायचं. सकाळी एखादं शिकायला घ्यावं, तर संध्याकाळी चहाच्या वेळेला त्याच्यावर लेख आलेला असतो, "हे तुम्ही अजून वापरता?" अहो, अजून म्हणजे काय, सकाळीच तर डबा उघडला!

मला यातून हात धरून बाहेर काढलं आमच्या ऑफिसातल्या यवतमाळच्या मुलीनं. कॉलेज संपवून ती पुण्यात आली, कोथरूडलाच कॉट बेसिसवर राहते, आणि आमच्यात सर्व्हरचं काम करणाऱ्या आम्ही दोघीच. कामाला वाघ. बोलणं मात्र तिकडचं, ऐकत राहावं असं.

"मॅडम, रस्ट घ्या. सारी दुनिया रस्टमध्ये जाऊन राहिली. तुम्ही काय सोचून राहिले?"

घरी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, नवी भाषा शिकतेय, रस्ट. तो घास हातात धरून बघत राहिला. "रस्ट म्हणजे गंज ना? लोखंडाला चढतो तो? आणि तुम्ही लोक तो आपण होऊन चढवून घेताय?" मी म्हटलं, आमटी गार होतेय, जेव.

पण काय सांगू, त्या भाषेच्या मी प्रेमातच पडले. तिच्या नव्हे, तिच्या कंपायलरच्या. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. माझी जुनी पीएचपी म्हणजे मऊ सासू. काहीही केलं तरी "असू दे गं" म्हणायची आणि ऐन पंगतीत तोंडघशी पाडायची. हा कंपायलर मात्र अस्सल पुणेरी निघाला. चूक केलीत की दारातच अडवणार. रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा मालक एकच असतो. दुसऱ्याला हवी तर उसनी न्यावी, काम झालं की परत करावी. सोसायटीत आपण इडलीपात्र नेतो-आणतो तसंच. आणि मी जर एखादी गोष्ट वर कुणाला देऊन टाकून खाली पुन्हा आपलीच म्हणून वापरायला गेले, तर हा ओळीवर बोट ठेवून सांगायचा, ही तुम्ही वरच्या ओळीत देऊन टाकली आहे, आता ती तुमची नाही, उसनी द्यायची होती का? वर हे सगळं इतक्या कोरड्या आवाजात की माझं सदाशिव पेठेतलं माहेर डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मी त्याच्याशी मोठमोठ्यानं भांडायला लागले. "अरे बाबा, दिलीच होती उसनी!" आणि मग बघावं तर खरंच नव्हती दिलेली. त्याचं बरोबर, माझं चूक. असं दिवसातून कितीदा व्हायचं, आणि दर वेळी मी चिडायचे आणि लगेच खुदकन हसायचे. सर केबिनच्या काचेतून बघायचे.

एआय मदतनीसही होता दिमतीला. पण त्याची एक खोड, काहीही म्हटलं तरी तो "अगदी बरोबर आहे तुमचं!" म्हणून सुरुवात करायचा. जन्म पुण्यात गेलेल्या बाईला कुणी सारखं "बरोबर आहे तुमचं" म्हणालं तर ती आधी पर्स घट्ट धरते. त्यानं लिहिलेलं मी कंपायलरसमोर टाकायचे आणि कंपायलर त्याचीही तितक्याच मायेनं हजामत करायचा. बघून मला असं बरं वाटायचं!

पावसाळा आला आणि गेला, आम्हाला पत्ता नाही. आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसून लिहीत होतो. पहिल्यांदा सगळा सर्व्हर विनातक्रार कंपाइल झाला तेव्हा आम्ही एवढ्या जोरात ओरडलो, की खालच्या क्लासमधून शिपाई विचारायला आला, वर कुणाला लागलं का. ती म्हणाली, "हो जी, लागलं. याड लागलं." तो गोंधळून परत गेला.

शेवटचं काम राहिलं होतं ते पदार्थांचं. जुन्या सर्व्हरला पदार्थांची नावं म्हणजे नुसती अक्षरं. भेंडी काय, बासुंदी काय, त्याला सगळं सारखंच. नव्यात तसं चालेना. प्रत्येक वस्तू कुठल्या जातीची हे सांगायचं. शिजवायचा पदार्थ असेल तर त्यात काय काय पडतं, कच्चा माल असेल तर कशात मोजायचा, किलोत, लिटरमध्ये की जुडीत, आणि भाजीवाल्याकडे त्याचा नंबर काय. आम्ही नावं वाटून घेतली. अर्धी मी, अर्धी तिनं. कंपायलर एकेक विचारत गेला, आम्ही सांगत गेलो. तिच्या भागावरून मीही नजर फिरवली. सगळीकडे नंबर, सगळ्या तपासण्यांपुढे हिरवी खूण. हिरव्या खुणा बघून माझं मन असं भरून आलं की मी तिला खाली नेऊन उसाचा रस पाजला.

सोमवारी नवा सर्व्हर चालू केला. बारा वाजता आम्ही दोघी सर्व्हरवरचा ताण दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या रेषेकडे डोळे लावून बसलो. जुन्याच्या वेळी ती रेषा बाराला जी उसळायची ती डॉक्टरला बोलवावं अशी. आज तिकडे हजारो भुकेली माणसं तुटून पडली आणि रेषा जागची हलली नाही. हलली नाही हो! मी खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली. या वयात गिरकी घेतली की पुढचं सगळं फिरतच राहतं, म्हणून परत बसले. सरांनी आंबा बर्फी आणली. मंगळवारही तसाच गेला. मला वाटलं, जिंकलं.

बुधवारी तिकडे साउथ इंडियन जेवण असतं. इडली, सांबार, टोमॅटो भात. सकाळी मी जिन्यातल्या चपला ओलांडून वर आले, तर सर दारात फोन घेऊन उभे. चेहरा पडलेला. "हडपसर," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमच्या सर्व्हरबद्दल आहे."

"ओ म्याडम, ह्ये काय लावलंय तुमी?"

"काय झालं, शेठ?"

"काय झालं? टेम्पो आलाय टेम्पो! निस्ती कोथिंबीर. समद्या भटारखान्यात पाय ठिवायला जागा न्हाई. आमचा आचारी ढिगाच्या पल्याड उभा हाय, हितनं त्याचं निस्तं टक्कल दिसतंय."

घाबरले की मी नरम पडत नाही, उलट चढते. देवानंच तसं घडवलंय. "तुमच्या माणसानं काहीतरी भलतं दाबलं असणार," मी म्हटलं.

"दाबून दाबूनच तर भरलीय ती टेम्पोत!"

"हे बघा शेठ, आमचा सर्व्हर चुकत नाही. तो कंपाइल झालेला आहे."

"झाला आसंल. त्याला माजी काय बी हरकत न्हाई. पर डाळ न्हाई आली, शेंगा न्हाई आल्या, मी सांबार कशाचं करू? ह्या पाल्याचं?"

मी फोनवर हात ठेवून आमच्या मुलीला विचारलं, "अगं, सांबाराच्या जागी कोथिंबीर कशी गेली?"

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य. "बरोबरच तर गेलं, मॅडम. सांबार मागितला, सांबार गेला."

"सांबार म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? सांबार नाही माहीत तुम्हाला? हिरवा. पोह्यांवर टाकतात तो."

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात! हे मी आयुष्यात कधीतरी, कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं आणि विसरून गेले होते. तिच्या वाट्याच्या नावांत सांबार आलं, कंपायलरनं विचारलं, कच्चा माल की शिजवायचा पदार्थ? ती म्हणाली, कच्चा माल. कशात मोजायचा? जुडीत. भाजीवाल्याकडचा नंबर? तिनं कोथिंबिरीचा नंबर दिला, आणि सांबाराच्या प्रत्येक ऑर्डरीमागे एक जुडी निघाली. सगळं यवतमाळच्या हिशेबानं शंभर टक्के खरं. माझी एक वाटी इकडची तिकडे होऊ न देणारा तो खडूस कंपायलर, त्यानं अख्खा टेम्पो हसतमुखानं सोडला. त्याला सगळं येत होतं, फक्त मराठी येत नव्हतं. आणि एक सोडून दोन मराठी तर मुळीच नाही.

मला हसू फुटलं. म्हणजे कसं, आधी नाकातून, मग खांदे, मग मी टेबल धरून खालीच बसले. नोकरीतलं माझं आवडतं ते सगळं त्या कोथिंबिरीखाली गाडलं जात होतं हे मला स्पष्ट कळत होतं, आणि तरी हसू थांबेना.

"म्याडम, तुमी हसताय?" फोनमधून आवाज आला.

"हो, हसतेय! तुम्हीही हसाल, पण आधी डाळ शिजायला टाका. तिथे डाळ आहे ना?"

"डाळ हाय कोठारात. चिंच बी हाय. शेंगा न्हाईत."

"शेंगांवाचून कुणाचं अडलंय? लाल भोपळा घाला."

"आता तुमी मला सांबार शिकवनार व्हय?"

"शिकवायलाच लागतंय! मघापासून माझ्याशी तावातावानं भांडताय आणि तिकडे चूल थंड. केटरर तुम्ही आहात का मी?"

सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. तेवढ्यात आमच्या मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला. "काका, मी बोलून राहिली. चूक माझी आहे जी. पण तो सांबार फेकू नका. त्याच्या वड्या होतात."

"कोथिंबीर वडी ठाव हाय आमाला."

"कोथिंबीर वडी नाही काका. सांबारवडी." आणि तिनं फोनवर सांगायला सुरुवात केली. बेसनाची पारी लाटायची, तिला चिंचगुळाचं पाणी लावायचं, आत बारीक चिरलेला सांबार, सुकं खोबरं, खसखस, तीळ, हिरवी मिरची, मग गुंडाळी करून तळायची. सांगताना तिचे डोळे असे लकाकत होते की मी हसायची थांबले. गावी दिवाळीलाही जाता आलं नव्हतं तिला, आमच्या या सर्व्हरपायी.

हडपसरला जायला निघण्याआधी तिनं चूक दुरुस्त केली. सर्व्हरला सांगितलं की सांबार दोन आहेत, एक पातळ, एक हिरवा. झालं, कंपायलर ताडकन उठला. जिथे जिथे सांबाराचा उल्लेख होता तिथे तिथे बोट ठेवून विचारायला लागला, इथे कुठलं? आणि इथे कुठलं? एकही जागा सोडली नाही बेट्यानं. तसल्या अवस्थेतसुद्धा माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

सरांच्या गाडीतून निघालो. स्वारगेट ओलांडल्यावर सर आरशात न बघता म्हणाले, "मॅडम, ही तक्रार धरावी लागेल."

"धरा ना," मी म्हटलं. आवाज नीट आला, पण खिडकीबाहेर बघत राहावं लागलं. पुढच्या सीटवरून कुणी रडताना बघितलेलं मला चालत नाही.

हडपसरचा भटारखाना म्हणजे मोठी पत्र्याची शेड. आत शिरलो आणि आधी वास आला, हिंग-कढीपत्त्याचा. लाल भोपळ्याचं सांबार मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. आणि मग ती कोथिंबीर दिसली. मी कोथिंबीर कायम भाजीवाल्यानं वर फुकट टाकलेली बघितलेली बाई. इथे तिच्या टेकड्या होत्या. टेकड्यांच्या कडेनं बायका ओळीनं बसून चिरत होत्या, आणि आचारी, ज्याचं टक्कल मला आधीच परिचयाचं होतं, बेसन मळत होता. आमच्या मुलीनं ओढणी कमरेला खोचली आणि थेट पोळपाटच ओढून घेतला. "काका, अशी नाही. जाड होऊन राहिली. पातळ, पातळ!"

पहिला घाणा उतरला. शेठ, म्हणजे पांढरा सदरा, जाड मिशा आणि कानावर पेन, त्यांनी एक वडी मोडून तोंडात टाकली. माझ्याकडे बघायचं त्यांनी निग्रहानं टाळलं. दुसरी उचलली. मग तिसरी. "ह्ये आज लावा जादामदी," ते म्हणाले.

मुलीनं पिठाच्या हातानं लॅपटॉप उघडला आणि जादाच्या पदार्थांत घातलं, सांबारवडी. कोथिंबीर वडी लिहू का म्हणून मी सुचवलं होतं. ती म्हणाली, "नाही मॅडम. आपल्या गावचं नाव आहे ते." कंपायलरनं विचारलं, कुठलं सांबार? ती म्हणाली, हिरवं.

बारा वाजले आणि पुढचं जे झालं ते मी अजून कुणालाही सांगताना उभी राहून सांगते. तिकडच्या कंपन्यांमध्ये आपल्या अकोल्या-अमरावतीची, नागपूर-चंद्रपूरची किती पोरं-पोरी बसलेली आहेत याची कुणाला कल्पना? घर सोडून आलेली, मेसची आमटी पिणारी. त्यांनी मोबाइलवर ते नाव वाचलं. ऑर्डरी अशा कोसळल्या की स्क्रीनवर आकडा वाचेपर्यंत बदलायचा. ऑर्डरबरोबर चार शब्द लिहायची जागा असते, जिथे लोक एरवी "तिखट कमी" लिहितात. तिथे येत होतं, "सांबारवडी?? खरंच का?" "आचारी कुठल्या गावचे जी?" "सोबत कढी आहे का?" कुणीतरी नुसतं लिहिलं होतं, "आई शप्पथ." आमची मुलगी एकेक मोठ्यानं वाचत होती. आणि एवढ्या सगळ्या लोंढ्याखाली माझा सर्व्हर! ती रेषा! ढिम्म! जुना असता तर केव्हाच हात वर करून झोपला असता. मी त्या कोथिंबिरीच्या टेकडीवर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी पाला उधळला. चिरणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. शेठ ओरडले, "म्याडम, ती वडीची हाय!"

टेम्पोभर कोथिंबीर संपली. शेवटच्या घाण्याच्या वड्या आम्हीच खाल्ल्या, उभ्यानं. सर खुलले होते. मला बाजूला घेऊन, पण शेठना ऐकू जाईल अशा बेतानं, ते म्हणाले, "मॅडम, ठरल्याप्रमाणे तक्रार तर आलीच. पण त्याचं सोडा. आज तुम्ही क्लायंट जसा हँडल केलात ना, डाळ काय, भोपळा काय, मी तर बघतच राहिलो. तुमची खरी जागा हीच आहे." आणि शेठकडे वळून, मोठी भेट देत असल्यासारखं, "शेठ, उद्यापासून मॅडम स्वतः तुमचे फोन घेतील. पर्सनली."

वडी माझ्या तोंडातच राहिली. हरले असते तर हरले म्हटलं असतं. पण हे म्हणजे शाबासकी देऊन हात तोडणं. रेषा स्क्रीनवर अजून तशीच सरळ चालली होती आणि मला ती बघवेना. आमची मुलगी "पण सर..." म्हणाली. डोळ्यांत पाणी यायला लागलं तसं मी मिरची फार आहे असं पुटपुटले.

शेठनी हात पुसले. कानावरचं पेन काढलं, परत लावलं. मग सरांसमोर येऊन त्यांनी चक्क हात जोडले.

"सायेब, पाया पडतो, पर ह्ये करू नका. सकाळपासनं ह्या म्याडमनी मला जेवढं सुनावलं तेवढं माझ्या बायकोनं लगीन झाल्यापासनं सुनावलं न्हाई. ह्यान्ला फोनवर बसवलं तर तुमचं येक गिऱ्हाईक ऱ्हायाचं न्हाई. पयला मीच जाईन. त्येन्ला त्येंचं काय ते लिवू द्या. लिवत्यात झ्याक. आज येवढी गर्दी झाली, तुमचं मशीन थांबलं का? न्हाई थांबलं. लिवू द्या. निस्तं बोलू देऊ नका."

चिरणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी आता काय करते म्हणून. सरांनी शेठच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, आणि मान हलवली. "बरं. राहिलं," ते म्हणाले.

इतका धडधडीत अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. आणि इतका आनंदही कुणी दिला नव्हता. मला त्या मिशाळ माणसाची दृष्ट काढावीशी वाटली.

"अहो शेठ," मी म्हटलं, "हे तेवढं लेखी द्याल का?"